सायबीण घाट चढली

मालवणकडे जाणाऱ्याला मी दोनच गोष्टी सांगतो. पहिली, भूक घेऊन जा. दुसरी, मोटार घेऊन गेलात तर ती कुठे उभी करायची हे तिथल्या माणसाला विचारा. आणि तो 'नको' म्हणाला तर त्याचा अर्थ 'नको' असाच असतो, तो आपली थट्टा करीत नसतो. पहिली गोष्ट मी पाळली. दुसरी पाळली नाही, म्हणून तर हा प्रवास लिहिण्यासारखा झाला. पाळली असती तर 'माड पाहिले, मासे खाल्ले, परत आलो' एवढ्यावर कागद संपला असता.

मी कोल्हापूरचा. गुळाची अडत आहे, बायको तोंडवलीची आहे आणि मोटार अमेरिकेची आहे. या तिन्हींपैकी मला फक्त मोटारीतले कळते, असे बायको म्हणते. लढाईच्या आधीची ही गाडी मी एका जहागीरदाराच्या पागेतून सोडवून आणली. तिच्या बॉनेटला दोन्ही बाजूंनी पंख आहेत. ते उचलले की आत सहा सिलिंडर एका ओळीत, पंगतीला बसल्यासारखे दिसतात. दोन्ही अंगांना माणूस आरामात उभा राहील एवढ्या पायफळ्या आहेत. तिच्या पोटातला प्रत्येक बोल्ट मी स्वतः काढून पुन्हा बसवलेला आहे. गावातले मेस्त्री मला रस्त्यात पाहिले की नमस्कार करतात. आदराने करतात की एक गिऱ्हाईक बुडाले म्हणून करतात, हे मी अजून विचारलेले नाही.

घाट उतरताना

नाताळ नुकताच होऊन गेला होता आणि पौषातली पुनव जवळ आली होती. राधानगरी मागे टाकून दाजीपूरच्या रानात शिरलो तेव्हा काचेला धुके चिकटले होते. फोंडा घाट उतरू लागलो आणि एकेका वळणावर अंगावरचे एकेक कापड कमी होत गेले. वर स्वेटर, मध्ये कोट, खाली नुसता सदरा.

घाट उतरताना आणखीही एक बदल होतो. बायको, म्हणजे आमची इंदू, कोल्हापुरात शुद्ध बोलते. पहिल्या वळणावर ती म्हणाली, "जरा सावकाश चालवा." मधल्या वळणावर, "सावकाश चलवा हो." आणि पायथ्याशी फोंड्याला तांबडी माती दिसली तशी काच खाली करून रस्त्यावरच्या एका बाईला विचारू लागली, "काय गो, बाजार आज आसा काय?" ओळख ना पाळख. बाईनेही डोक्यावरची पाटी न उतरवता सगळ्या बाजाराचा हिशेब सांगितला. कोल्हापुरात आपण अनोळखी माणसाला 'कुठले पाहुणे?' म्हणून सुरुवात करतो. इकडे ती पायरीच नाही, थेट घरात.

कणकवलीवरून आचऱ्याचा रस्ता धरला. पुढे तोंडवलीपर्यंत बैलगाडीची वाट. माझी गाडी त्या वाटेने अशी गेली की बैल बाजूला होऊन पाहात राहिले.

तोंडवली

तोंडवली म्हणजे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या वाळूवर माड आणि माडांखाली माणसे. इंदूचा भाऊ बाबल तिथे राहतो. माणूस दाराएवढा रुंद, बोलणे मोजके. मच्छीमारांच्या रापणीत त्याचा वाटा आहे. रापण म्हणजे समुद्रात लांबवर सोडलेले मोठे जाळे. दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळ्या गावाने मिळून ओढायचे.

त्या दिवशी जेवायला कोंबडी-वडे होते. आमचा कोल्हापुरी रस्सा पहिल्या घोटालाच शड्डू ठोकून उभा राहतो. मालवणी रसात ओल्या नारळाची अशी काही समजूत असते की तिखट तुम्हाला आधी बसायला पाट देते, मग हळूच कान धरते. वर सोलकढी. मी किती वडे खाल्ले ते इंदूने मोजले असतील, मी मोजले नाहीत.

सकाळी मी गाडी किनाऱ्यावर काढली. ओहोटी होती. वाळू पापडासारखी टणक. कोल्हापुरात आम्ही रंकाळ्याच्या काठाने गाडी फिरवतो, पण इथे पुढे अरबस्तानापर्यंत मोकळे मैदान. दोन-चार चकरा मारल्या आणि लाटांच्या तोंडाशी, गावातल्या सगळ्यांना दिसेल अशी, ऐटीत उभी केली.

बाबल म्हणाला, "भावजी, हय लावू नकात. आज पुनव. पाणी वर येतला."

मी समुद्राकडे बोट दाखवले. "पाणी कुठे आहे बघ. पार तिकडे."

"आता तिकडे आसा," बाबल म्हणाला.

यापेक्षा जास्त तो बोलला नाही. मी घरी जाऊन घावणे आणि नारळाचा रस घेतला. रसातला गूळ माझ्याच अडतीचा असल्यामुळे जास्त घेतला, आणि ओटीवर आडवा झालो. जागा झालो तो माणसांच्या ओरडण्याने. सूर्य डोक्यावर आला होता आणि समुद्र बॉनेटवर. रंकाळ्याला भरती येत नाही; आमच्याकडच्या पाण्याला आपली जागा ठाऊक असते.

सगळा गाव धावला. रापणीचे दोर आणले, गाडीच्या मागच्या आसाला बांधले आणि बायका-पुरुषांच्या दोन रांगा लागल्या. गणो तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, मध्ये उभा राहून हात वर-खाली करीत होता आणि त्या तालावर सगळे मागे झुकत होते. मीही एका रांगेत झुकत होतो. माझ्या पुढच्या म्हातारीने मागे वळून सांगितले, "घाट्या, दोर ओढ, माका ओढू नको."

गाडी बाहेर आली. नंबरच्या पाटीवर शेवाळ, आणि माझ्या बसायच्या जागेवर एक कुर्ली नांग्या वर करून बसलेली.

गणो तांडेल कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आता वाटो काढूक होयो."

हा तिथला नेम आहे. रापणीच्या दोराला ज्याचा हात लागला, मग तो वाटेने जाणारा परका का असेना, त्याला मासळीचा वाटा मिळतो. दोर तोच, ओढणारे तेच, तेव्हा वाटाही आलाच.

"मोटारीचा वाटा कसा काढणार?" मी विचारले.

"बोनेट कोणाक, चाकां कोणाक, तां बघू मगे."

मी भाषण सुरू करणार, एवढ्यात इंदू पुढे झाली. "गाडी चालू झाली काय सगळ्यांका एकेक फेरी. जेचो जेचो हात लागलो, तेका."

"आणि चालू नाय झाली तर?"

"तर चाकां तुमची," इंदू म्हणाली. माझ्या चाकांची मालकी तिच्याकडे कधी गेली होती ते मला तेव्हा कळले.

मग मी सदरा काढला. गोड्या पाण्याने सगळे इंजिन धुतले. प्लग काढून सिलिंडरमधले पाणी हँडल मारून बाहेर फेकले, खालचे तेल बदलले, वायरी उन्हात वाळवल्या. गाव भोवती बसून पाहात होता. नाटकालाही एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. शेवटी राहिला कार्ब्युरेटर. ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांच्यासाठी सांगतो: पेट्रोल आणि हवा यांचे लग्न लावणारा हा भटजी. तो रुसला की इंजिन श्वास घेत नाही. खारे पाणी आत जाऊन त्याला पांढरी बुरशी चढली होती. मी तो उघडला, घासला, फुंकला, आणि पुन्हा इंजिनावर बसवताना वाकून वाकून पाठ धरली म्हणून बाबलला म्हटले, "तेवढा नट जरा आवळ."

चूक माझी नाही आणि त्याचीही नाही. होडीवरचा माणूस दोर आवळतो तो वाऱ्याशी भांडून; तिथे 'पुरे' असे काही नसते, जास्त आवळलेलेच चांगले. बाबलने पान्हा धरला, पाय रोवले आणि आवळला. टक् असा आवाज झाला. कार्ब्युरेटरचा कान, म्हणजे ज्याच्या भोकातून तो इंजिनाला जखडलेला असतो तो ओतीव तुकडा, तुटून बाबलच्या पायाशी पडला.

बाबलने तो उचलला, उलटसुलट पाहिला. "नाजूक होतो," म्हणाला.

एवढ्या जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर कोल्हापुरात नव्हता. मुंबईहून मागवायचा म्हणजे पुढचा महिना. पणजीत मिळेल म्हणे, पण गोवा अजून पोर्तुगीजांकडे, हद्द बंद. गणो तांडेल चाकांकडे पाहात होता. बाबल म्हणाला, "मालवणाक इनासबाबाक इचारया. तेची सर्व्हिस मोटार तुमच्याच जातीची."

मालवणच्या अलीकडे, माडांच्या बागेत

खाडी होडीने ओलांडली आणि सर्जेकोटच्या बाजूने चालत निघालो. मी, इंदू आणि तुटका कार्ब्युरेटर पंच्यात बांधून पाठीवर घेतलेला बाबल. अपराध्याने स्वतःच प्रेत वाहावे तसा तो चालत होता.

इनासबाब फर्नांडिस साठीच्या घरातले. काळे, ताठ, मिशा पांढऱ्या आणि टोकाला पीळ दिलेल्या. सरकारी गाड्या सुरू होण्यापूर्वी त्यांची स्वतःची सर्व्हिस मोटार, म्हणजे उतारूंची गाडी, मालवण ते फोंडा धावत असे. आता ती त्यांच्या बागेत, झावळ्यांच्या मांडवाखाली उभी होती. लाकडी टपाची, कपाळावर निळ्या रंगात नाव: 'सायबीण'. म्हणजे त्यांची मारिया माउली. प्रवासी मात्र बहुतेक हिंदू, त्यांनी दर सणाला तिच्यापुढे नारळ फोडून फोडून बंपरला पोचे आणलेले.

घरात नाताळच्या नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, आणि दोदोल होते. दोदोल म्हणजे नारळाचा रस आणि गूळ आटवून केलेली काळी, चकचकीत वडी. गुळाचा इतका सन्मान मी कोल्हापुरातही पाहिला नाही. सोबत पेल्यातून काहीतरी दिले. दारूबंदी असल्यामुळे ते कोकमाचे सरबत होते असे मी इथे लिहितो.

मी सायबिणीचे बॉनेट उचलले आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. ज्यांना मी माहीत आहे त्यांना याची किंमत कळेल. तेच सहा सिलिंडर, तीच पंगत. सगळे तेलाने पुसलेले. कार्ब्युरेटरच्या तोंडाला स्वच्छ फडके बांधलेले.

"दर आयताराक चर्चात मिसाक जावन इलंय काय हँडल मारतंय," इनासबाब म्हणाले. "जाम होता नये."

"कार्ब्युरेटर आम्हाला द्याल?" मी विचारले.

"ना."

"विकत?"

"माका इकूचो नाय." ते खुर्चीत बसले. "तुमी ड्रायव्हर की मेस्त्री?"

"दोन्ही."

"असा नसता. मी ड्रायव्हर. सगळो जल्म गाडी चलवली, पण बोनेटात पान्हो लावलंय नाय. तां मेस्त्रीचा काम."

मी म्हटले, "आमच्याकडे असं नसतं. आमच्याकडे स्वैपाक करणारा जेवतोही."

ते हसले नाहीत. इंदू मात्र त्यांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली. लहानपणी ती सायबिणीतूनच कणकवलीला जात असे. तिने विचारले, "बाबा, तुमी फोंड्याच्या फुडे कधीच कित्या जायनास?"

इनासबाबांनी पेला खाली ठेवला.

"लायसन नाय. फोंड्याक माझी हद्द संपायची. पासिंजर उतरायचे आणि घाटावरच्या गाडयेत बसायचे. ते वरचे ड्रायव्हर बिडी ओढीत माका सांगायचे, 'इनास, तुझ्या गाडीला दम नाही. खालची हवा खाऊन वाढलेली गाडी, घाटात मरेल.' पासिंजरांच्या म्होरे. वर्सांनी वर्सां आयकलंय. लायसन नाय म्हणान चढाक गावला नाय, आणि चढलंय नाय म्हणान तोंड उगडूक गावला नाय."

"होता दम?" मी विचारले.

"तांच तर माका म्हायत नाय," इनासबाब म्हणाले.

बागेत कोंबड्या वाळूत पाय ओढत होत्या. इंदू माझ्याकडे पाहात होती आणि मी तिच्याकडे. वीस वर्षे संसार केल्यावर एवढे पुरते.

"इनासबाब," मी म्हटले, "तुमच्या सायबिणीचा श्वास माझ्या गाडीत घालतो. तुम्ही शेजारी बसा. फोंड्याहून दाजीपूर. दम असेल तर दिसेल. नसेल तर माझ्याही गाडीची लाज जाईल, तुमच्या एकट्याची नाही."

ते उठून सायबिणीकडे गेले. कपाळावर हात ठेवून उभे राहिले. परत आले ते अट घेऊन. "जागो रिकामो ठेवूचो नाय. तुमचो मोडलेलो थय बसवा. शेजाऱ्याचां भांडां रिकामां परत दितास तुमी?"

नाही देत. आमच्याकडेही नाही देत. निदान साखरेचे चार दाणे तरी घालतो. मी सायबिणीचा कार्ब्युरेटर काढला आणि माझा एका कानाचा तिथे बसवून वर तेच फडके बांधले. होडीतून परत येताना इनासबाबांनी आपला कार्ब्युरेटर मांडीवर घेतला होता. बाबलने धरायला हात पुढे केला, तेव्हा मी आणि इंदू एकदमच 'नको' म्हणालो.

पुन्हा तोंडवली

आता जरा माझे कौतुक ऐका. सायबीण मालाच्या गाडीच्या हाडाची, माझी गाडी बसून फिरायची. जात एक, पण घराणी वेगळी. कार्ब्युरेटर इंजिनावर बसला, पण त्याचा ॲक्सिलरेटरचा आकडा भलत्याच बाजूला आला. खालचे पॅकिंग फाटलेले. चोकची तार आखूड.

पॅकिंगसाठी इंदूच्या नव्या लुगड्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. तो कार्ब्युरेटरच्या बुडावर ठेवून कडेकडेने हातोडीने हलके ठोकत गेलो. तसे केले की धातूच्या धारेवर पुठ्ठा आपोआप कापला जातो. मग एरंडेलात भिजवला. ॲक्सिलरेटरसाठी बाबलची छत्री मोडली. छत्रीची काडी दोन ठिकाणी वाकवून अशी जोडली की पायाने दाबताच तिने मान डोलवावी. बाबलने छत्री निमूटपणे दिली. त्याचे देणे होते. चोकला गरीची, म्हणजे मासे धरायच्या गळाची, दोरी बांधून ती खिडकीतून आत घेतली. नट मी स्वतः आवळले.

गणो तांडेलाने नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. हे गाऱ्हाणे म्हणजे देवाशी केलेले सरळ बोलणे. "बा देवा म्हाराजा, ही घाटावरची गाडी आज तुझ्या दाराक इली आसा, तिचा इंजिन सुरू होवंदे, आणि आमचो वाटो आमका मिळांदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," गाव म्हणाला. इनासबाबांनी टोपी काढून छातीवर क्रूस केला आणि तेही "होय म्हाराजा" म्हणाले. आमच्याकडे देवापुढे आपण हात जोडून पुटपुटतो. इथे देवाला चारचौघांत गाठून कबूल करून घेतात.

हँडल मारले. एक खोकला. दुसरा. मागून काळा धूर निघाला, कारण मालाच्या गाडीच्या भोकातून पेट्रोल जास्त येत होते. मी स्क्रू अर्धा फेरा आत घेतला, कान लावला, आणखी थोडा घेतला. धूर निवळला आणि सहाही सिलिंडर एका लयीत बोलू लागले. इनासबाब बॉनेटजवळ येऊन उभे राहिले. तो आवाज त्यांनी कितीतरी वर्षांनी ऐकला होता. त्यांनी मिशीचे टोक तेवढे पिळले.

मग वाटे. माझ्यासारख्या प्रतिष्ठित अडत्याने दिवसभर गावच्या लोकांना भरभरून फेऱ्या दिल्या. दोर ओढताना पुढे असलेली ती म्हातारी माझ्या शेजारच्या जागेवर बसली आणि तिने हॉर्न स्वतः वाजवला. माडांतल्या प्रत्येक घरापाशी वाजवला, आत माणूस असो नसो. उतरताना म्हणाली, "वाटो बरो मिळालो. बांगड्यांपरास बरो."

घाट चढताना

इनासबाब ठरल्या दिवशी खाकी कोट घालून आले. ड्रायव्हरचा जुना कोट, इस्त्री केलेला, बटणे घासलेली. गाडीत सुके मासे, खाजे, आणि त्यांच्या बागेतली शहाळी. इंदू मागे शहाळ्यांत बसली होती.

फोंड्याला त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरून एका पानाच्या दुकानापुढे उभे राहिले. "हय," ते म्हणाले. "हय माझी गाडी थांबायची." दुकानदाराला त्याचे काही नव्हते, तो चुना लावत होता. इनासबाबांनी मान वर करून घाटाकडे पाहिले, मग गाडीत येऊन बसले. "चला."

पहिली वळणे गाडीने हसत घेतली. मी गात होतो. ऊन वाढले. मधल्या खड्या चढावर इंजिनाने एकदा उचकी दिली. पुन्हा दिली. मग धक्के देऊ लागले आणि उतारावर मागे सरकण्याआधी मी ब्रेक लावला. इंदूने खाली उडी मारून चाकाला दगडाची उटी दिली.

इनासबाब पुढे पाहात बसून राहिले. 

"दम नाय," ते म्हणाले.

"दम आहे," मी म्हटले. "तापला आहे." बॉनेटचा डावा पंख उचलला. पेट्रोलची नळी इतकी तापली होती की आतल्या पेट्रोलची वाफ होत होती. कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचतच नव्हते. दोष कार्ब्युरेटरचा नव्हता, हे मी त्यांना बोट लावून दाखवले. बोट भाजले तेव्हा त्यांना पटले.

मागून एक ट्रक आला आणि आमच्यापाशी हळू झाला. ड्रायव्हर आमच्याकडचा, बोली ऐकताच ओळखू आली. तो माझ्याकडे नाही, खाकी कोटाकडे पाहून म्हणाला, "काय पावणं, धक्का देऊ का? खालची गाडी हाय वाटतं. घाटात अशीच मरत्यात."

इनासबाबांचा हात मांडीवर मुठीत वळला. ट्रक पुढे गेला.

नळीला पंचा गुंडाळून सतत ओला ठेवला की काम भागते. पण पाणी ओतणारा माणूस इंजिनापाशी हवा, आणि गाडी चालती हवी. इंजिनातले मला कळत होते, म्हणजे पायफळीवर मी. मग चाकामागे कोण? त्या गाडीचे चाक मी तोवर कुणाच्या हाती दिले नव्हते. इंदूलाही नाही, जहागीरदार भेटायला आला तेव्हा त्यालाही नाही.

"इनासबाब," मी म्हटले, "सरका इकडे. तुम्ही चालवा."

"माका लायसन नाय घाटाचा," ते म्हणाले.

"आता तसं लायसन लागत नाही."

त्यांनी टोपी नीट केली आणि चाकामागे बसले. मी डाव्या पायफळीवर उभा राहिलो, एका हाताने बॉनेटचा पंख धरून, दुसऱ्या हातात शहाळे. पाणी दुसरे नव्हतेच. होते ते रेडिएटरला घातले होते. इंदू मागे बसून कोयतीने शहाळी सोलून खिडकीतून देत होती. चालत्या गाडीत, वळणावर, एका घावात. कोल्हापूरच्या बाजारपेठेतल्या नामांकित अडत्याला लोकांनी त्या दिवशी मोटारीच्या बाहेर लटकून इंजिनाला शहाळे पाजताना पाहिले. वरून उतरणाऱ्या गाडीतले प्रवासी एका बाजूला आले, इतके की ती गाडी कलली.

आणि इनासबाब कसे चालवत होते ते सांगतो. मी घाट पायाने चढवतो. ते कानाने चढवत होते. पाय दाबत नव्हते. इंजिनाला जेवढे हवे तेवढेच देऊन वळणाच्या आधी गियर असा टाकत होते की लोण्यात बोट. छत्रीची काडी माझ्या डोळ्यांपुढे हळूहळू मान हलवत होती. पुढच्या वळणापर्यंत ते माझ्याशी बोलत होते, "पाणी घाला, पाणी घाला." नंतर त्यांचे बोलणे बदलले.

"चल गो," ते म्हणत होते. "चल सायबिणी, थोडांच रवला. चल गो माझे बाय."

माझी गाडी. मी शहाळे ओतले.

शेवटच्या खड्या वळणावर तो ट्रक उभा होता. नाकातून वाफ सोडत होता आणि ड्रायव्हर डबा घेऊन झऱ्याकडे निघाला होता. इनासबाबांनी गाडी किंचित हळू केली. मला वाटले, आता वर्षानुवर्षांचे सगळे बोलणार. त्यांनी हॉर्न एकदा वाजवला, सभ्यपणे, रस्ता मागावा तसा, आणि बाजूने पुढे गेले. ट्रकवाल्याला धक्का देऊ का असे मात्र मी पायफळीवरून विचारले. मी काही संत नाही.

दाजीपूरला चहाच्या खोपटापाशी थंड वारा लागला. इनासबाबांनी इंजिन बंद केले नाही. खाली उतरले, बॉनेटवर तळहात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग चहावाल्याला विचारले, "ते पूर्वीचे घाटावरचे सर्व्हिस ड्रायव्हर खंय बसतत?"

"ते कवाच गेलं, बाबा. आता सगळी सरकारी गाडी." चहावाल्याने कप विसळले. "गाडी कुणाची ही?"

कुणी न विचारता ज्याला त्याला 'ही माझी गाडी' सांगणारा मी, त्या वेळी चहाकडे पाहात राहिलो.

"गाडी ह्यांची," इनासबाब म्हणाले. "दम आमचो."

चहावाल्याने मान हलवली आणि साखर घातली. त्याला ते काही समजले नाही, पण इनासबाबांना ते कुणाला तरी सांगायचे होते आणि सांगून झाले होते. इंदूने डोळ्याला पदर लावला आणि मला म्हणाली की शहाळ्याचे पाणी उडाले.

कोल्हापूरहून खाली जाणारी सरकारी गाडी आली. इनासबाबांनी इंदूच्या डोक्यावर हात ठेवला, माझा हात दोन्ही हातांत धरला, "देव बरे करू" म्हणाले आणि कोटाची बटणे लावून गाडीत चढले. मागे भरपूर जागा होती. ते ड्रायव्हरच्या लगतच्या बाकावर जाऊन बसले. गाडी निघाली. वळणाआड जाईपर्यंत मला त्यांचा हात दिसत होता. ते त्या ड्रायव्हरला, जो रोज हा घाट चढतो आणि उतरतो, पुढचे वळण कसे घ्यायचे ते समजावून सांगत होते.